स्वस्त संगणकाची बखर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वसई स्थानकाच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी नावाची मोठी वसाहत आहे, तीत आमचे बिऱ्हाड आहे. पावसाने जोर धरला की येथे रस्त्यांवर पाणी तुंबते, रिक्षा दिसेनाशा होतात आणि माणसे आपापल्या इमारतीत अडकून पडतात. मग एरवी पुढे ढकललेली बोलणी निघतात. अशाच एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या बाई आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा नुकताच पदविकेच्या वर्गात गेलेला. त्याला संगणक घ्यावयाचा होता. बरासा नवा घ्यावा तर चाळीस हजारांखाली बोलणे नव्हते, आणि चिरंजीवांनी चौदा हजारांचा एक वापरलेला हेरून ठेवला होता. “सर, तुम्हीच सांगा, घेऊ का? मागून पस्तावायला नको,” बाई म्हणाल्या.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकविला. संगणकाच्या बाबतीत माझा अधिकार एवढाच की, १९९९ साली एक स्वस्त संगणक घेऊन मी हात पोळून घेतले आहेत. तेव्हा मी तत्काळ हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. इतिहासाच्या मास्तरला साधा प्रश्न विचारला तरी तो आधी मागे जातो, ही त्याची खोडच असते. बाईंना दोन दिवसांनी यावयास सांगितले आणि वही घेऊन बसलो. पाहता पाहता ध्यानात आले की, स्वस्त संगणक ही काही आजकालची चीज नव्हे. आपल्याकडे तिला साठ वर्षांचा इतिहास आहे, त्यातला बराचसा आपल्या मुंबईच्या परिसरात घडलेला आहे. आणि दर पिढीत गिऱ्हाइकाने जो प्रश्न विचारावयास हवा होता तो एकच आहे. दुकानात जे पैसे वाचले, ते पुढे कोण भरणार?

मुंबईत संगणक घडला तो प्रथम विद्वानांच्या घरी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गणकयंत्र स्वतः बांधून १९६० साली पुरे केले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. ते पुरे होईपर्यंत त्यातील निर्वात नलिकांचा जमाना जगात मागे पडत चालला होता, हे खरे. परंतु ज्यांनी ते बांधले त्यांस ते उघडता येत होते आणि मोडले तर जोडता येत होते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढच्या कथेत तो वारंवार हरवणार आहे.

बाजारातला संगणक आला तो आय.बी.एम. ह्या अमेरिकन कंपनीचा. तिचे ‘१४०१’ हे यंत्र १९५९ साली अमेरिकेत जाहीर झाले आणि १९६१ साली मुंबईच्या एस्सो तेल कंपनीत बसले. मागून रेल्वे, मोठ्या कंपन्या, सरकारी खाती अशी गिऱ्हाइके मिळत गेली. यंत्र विकत मिळत नसे, भाड्याने मिळे. नवे कोरे यंत्र परदेशातून आणावयाचे तर परकीय चलन हवे, आणि त्या दशकात परकीय चलन म्हणजे दुष्काळातले पाणी. कंपनीने ह्यावर तोड काढली. परदेशांतील गिऱ्हाइकांनी वापरून परत केलेली यंत्रे येथे आणावयाची, मुंबईच्या कारखान्यात ती साफसूफ करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा उभी करावयाची आणि भारतीय गिऱ्हाइकास भाड्याने द्यावयाची. आज दुकानाच्या पाटीवर ज्याला ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात, तोच हा प्रकार. फरक इतकाच की तेव्हाचे यंत्र एक आख्खी खोली अडवीत असे.

गिऱ्हाइकास हा सौदा सोयीचा वाटला ह्यात नवल नाही. भांडवल अडकत नव्हते, परवान्यांची दगदग कंपनी पाहत होती, बिघाड झाला तर तिचाच इंजिनिअर येत होता. खोट होती ती नंतर दिसली. परदेशांत नवी, वेगवान, पैशाला स्वस्त पडणारी यंत्रे आली तरी येथले भाडे जुन्याच यंत्राचे चालू राहिले. आणि यंत्राचे पोट उघडण्याची किल्ली कायम कंपनीपाशी. होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली १९६३ साली नेमलेल्या इलेक्ट्रॉनिक्स समितीने देशाने स्वतःचा उद्योग उभारावा असे सुचविले. तो अहवाल १९६६ साली बाहेर आला, तेव्हा भाभा विमान-अपघातात गेलेले होते. पुढे १९७३चा परकीय चलन नियमन कायदा झाला. भारतातील कंपनीत परकीय भागीदारी शेकडा चाळीसवर आणण्याची अट आय.बी.एम.ने मानली नाही आणि १९७८ साली तिने येथला गाशा गुंडाळला.

तेव्हा देशभर विखुरलेली ही जुनी यंत्रे सांभाळणार कोण? त्यासाठी १९७५ साली सरकारने काढलेली कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन पुढे आली. यंत्रे बंद पडली नाहीत. कंपनीच्याच हाताखाली तयार झालेली आपली माणसे ती चालवू शकत होती. जे काम आपल्यास जमणार नाही असे समजून आपण वर्षानुवर्षे भाडे भरले, ते जमत होते. स्वस्त वस्तूचा हा एक दोष मी वहीत टिपून ठेवला: ती घेणाऱ्याला स्वतःविषयी अज्ञानात ठेवते.

ह्यानंतरचा काळ महागाईचा. जकात जबर, परवाने अवघड. सामान्य माणसाने संगणक पाहावा तो सिनेमात. नोव्हेंबर १९८४मध्ये, राजीव गांधी पंतप्रधान झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत, नवे संगणक-धोरण जाहीर झाले आणि दार किलकिले झाले. सुटे भाग येऊ लागले. भाग तैवानचे, पेटी कोणाची तरी, स्क्रू आपले! अशा जुळणीच्या धंद्याला मुंबईत जागा मिळाली ती ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर.

येथे थोडे विषयांतर करतो. ह्या रस्त्याचे नाव १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनवरून पडले. आज तो कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सारे त्याला जुन्याच नावाने ओळखतात. रेडिओचे सुटे भाग विकणारी दुकाने तेथे पूर्वीपासून होती. आणि आम्हा वसईकरांचे ग्रँट रोडशी नाते त्याहून जुने. १८६४ साली गुजरातकडून आलेली बी.बी.सी.आय. रेल्वेची गाडी वसईवरून जाऊन ग्रँट रोडलाच थांबली होती. तेव्हा ह्या भागातील हौशी मंडळींचे स्वस्ताईचे तीर्थक्षेत्र एका गाडीच्या अंतरावर होते. विरार लोकलमध्ये मांडीवर मॉनिटरचे खोके घेऊन बसलेली माणसे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. १९९९च्या दिवाळीपूर्वी त्यांत मीही होतो.

त्या वेळी मी वसई रोडला चाळीत राहत होतो. नामांकित कंपनीचा संगणक पन्नास हजारांच्या आसपास सांगत. मला जुळणी केलेला सत्तावीस हजारांत मिळाला. दुकानाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. ते आता तेथे नाहीही. विक्रेता गोड बोलणारा होता. त्याने यंत्राचा वेग सांगितला, हार्ड डिस्कचे माप सांगितले आणि आतल्या एका डब्याविषयी मात्र काही सांगितले नाही, कारण मी विचारले नाही.

तो डबा म्हणजे वीजपुरवठ्याचा, ज्याला दुरुस्तीवाले एस.एम.पी.एस. म्हणतात. घरातील २३० व्होल्टांची वीज घेऊन ती यंत्राच्या नाजूक भागांना पाच, बारा अशा बेताच्या व्होल्टांनी वाटून द्यावयाची, हे त्याचे काम. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, म्हणून जुळणीवाला काटकसर करावयाची ती त्याच्यातच करतो. डब्यावर लिहिलेले वॅट आणि प्रत्यक्ष वॅट ह्यांचा संबंध पुढाऱ्याचे भाषण आणि कृती ह्यांच्याइतकाच. त्या काळात दुसरेही एक दुखणे जगभर होते. १९९९च्या सुमारापासून पुढे सहा-सात वर्षे बाजारात आलेल्या अनेक मदरबोर्डांवर कपॅसिटर नावाच्या ज्या बारीक नळकांड्या असतात, त्यांतील रसायन सदोष होते. वर्ष-दोन वर्षांत त्यांच्या टोप्या फुगत, मग तपकिरी द्राव बाहेर येई आणि यंत्र कारण नसता मधेच झोपी जाई. ह्यातून नामांकित कंपन्यांची यंत्रेही सुटली नाहीत. पण त्यांच्या गिऱ्हाइकाला दाद मागावयास जागा होती. आमच्यासारख्याने जावे कोठे? चिपवर जुना आकडा पुसून वरचा आकडा छापण्याचा धंदाही त्या दशकात सर्रास चाले. माझ्या यंत्रात तसे झाले होते की नाही हे मी कधी तपासले नाही, आणि आता तपासण्याची इच्छाही नाही.

वसईची वीज हा ह्या बखरीतला स्वतंत्र अध्याय आहे. २००३ साली आम्ही एव्हरशाईन सिटीत राहावयास आलो. दोनच वर्षांत राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले, आणि राज्यभर भारनियमनाची ती वर्षे सुरू झाली. मुंबई शहर त्यातून सुटले, कारण तेथील वीज निराळ्या कंपन्यांकडून येई. खाडीच्या अलीकडे आम्ही महावितरणचे ग्राहक, अंधारात. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने संगणक विकला तो मुंबईच्या विजेच्या हिशेबाने. दहिसरला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याचे तसलेच यंत्र बिनतक्रार चालले. माझ्या यंत्राला आधी यू.पी.एस. लागला, दोन-अडीच वर्षांनी त्याची बॅटरी, मग पुन्हा बॅटरी. ह्या सगळ्याची बेरीज मी एकदा केली. यंत्रावर वाचविलेल्या तेवीस हजारांतले किती उरले असतील असे वाचकांस वाटते? मी आकडा सांगत नाही, कारण घरात अद्याप तो माहीत नाही.

परंतु पैसे हा ह्यातला लहान भाग. सत्तावीस हजारांत मिळालेल्या यंत्रात विंडोज ९८ पासून मराठी लिहिण्याच्या सोयीपर्यंत सारे ‘भरून’ मिळाले होते. त्यातील एकही वस्तू विकत घेतलेली नव्हती. मला हे कळत नव्हते असे म्हणणे लबाडीचे होईल. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन, चोरीची संगणक-आज्ञावली जाणूनबुजून वापरणाऱ्यास निदान सात दिवसांची कैद होऊ शकेल असे कलम आले होते; वर्गात मुलांना प्रामाणिकपणाचे धडे देणारा मी घरी त्या कलमाखाली बसत होतो. सारी चाळच बसत होती म्हणा. त्यामुळे कोणाला लाज वाटली नाही.

चोरीच्या प्रतीबरोबर आणखीही काही येत असे. आय.बी.एम.च्या धर्तीच्या संगणकांतला पहिला प्रसिद्ध व्हायरस ‘ब्रेन’ १९८६ साली लाहोरात दोघा भावांनी लिहिला. आपल्या आज्ञावलीची चोरी करणाऱ्यांना धाक बसावा, हा त्यांचा सांगितलेला हेतू होता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात तो जगभर गेला. आपल्याकडे ह्याच रोगराईतून एक मराठी उद्योग जन्मास आला, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत करीत संगणकाच्या दुरुस्तीकडे वळलेले कैलास काटकर ह्यांच्याकडे येणारी यंत्रे व्हायरसने बेजार असत. त्यांचे धाकटे बंधू संजय ह्यांनी त्यांवर उतारा लिहिला, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास त्याचे ‘क्विक हील’ झाले. कोणाचे दुखणे कोणाची भाकरी होते हे सांगता येत नाही. काटकर बंधूंनी निदान पेटी उघडून पाहिली. टिफ्रॅक बांधणाऱ्यांचे आणि त्यांचे गोत्र एकच, असे मला वाटते.

आता मी ज्या नुकसानीसाठी हा लेख लिहावयास बसलो तिच्याकडे येतो.

संगणक मी घेतला तो हौसेखातर नव्हे. वसईच्या पश्चिम पट्टीतील जुन्या वाडीवाल्यांच्या आठवणी मी १९९६पासून वह्यांत उतरून घेत होतो. विहिरीवरचे रहाट, पानमळे, रेल्वेने उत्तरेकडे जाणाऱ्या पानांच्या करंड्या, राजेळी केळ्यांची सुकेळी. किल्ल्याचा आणि १७३९च्या मोहिमेचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, ह्या गोष्टी कोणी लिहिल्या नव्हत्या. सांगणारी माणसे सत्तरी-ऐंशीची. तीन-चार वर्षे बसून मी सुमारे तीनशे पाने त्या यंत्रावर टाइप केली, फ्लॉप्यांवर प्रती काढल्या आणि एव्हरशाईन सिटीत येताना, घर लहान म्हणून, वह्या रद्दीत दिल्या. हे वाक्य लिहितानाही हात जड होतो.

मराठी त्या काळी स्वस्त संगणकाच्या मनात नसे, फक्त पडद्यावर असे. ही भानगड थोडी समजावून सांगितली पाहिजे. यंत्र अक्षर साठविते ते अंकाच्या रूपात. इंग्रजी अक्षरांचे अंक जगभर ठरलेले होते. देवनागरीसाठीही असा ठरीव तक्ता व्हावा म्हणून आपल्याकडे प्रयत्न झाले होते: पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ नावाचे तंत्र पुढे नेले, संगणकात बसविण्याचे त्याचे कार्ड मिळे, आणि भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचे प्रमाण १९९१ साली अधिकृत झाले. त्याच वर्षी युनिकोड ह्या जागतिक तक्त्यातही देवनागरीला जागा मिळाली. परंतु कार्डाला पैसे पडत. त्यापेक्षा सोपी युक्ती बाजारात होती: फाँट. इंग्रजी अक्षरांच्याच अंकांवर मराठी अक्षरांची चित्रे चिकटवावयाची. कळ दाबली की यंत्र आपल्या मते इंग्रजी अक्षर नोंदवी आणि फाँट त्या जागी ‘क’ रंगवून दाखवी. दिसावयास मराठी, पोटात इंग्रजी. आणि प्रत्येक कंपनीच्या फाँटात ही चित्रे निरनिराळ्या घरांत बसविलेली. एकाचा ‘क’ तो दुसऱ्याचा ‘ढ’.

ज्यांनी असे फाँट रीतसर विकत घेतले त्यांना निदान आपण कोणता घेतला हे ठाऊक होते, पुस्तिका होती, पुढे युनिकोड आल्यावर मजकूर फिरवून देणारे कोणी विचारावयास होते. माझ्या यंत्रात भरलेला फाँट कोणाचा, त्याची कितवी आवृत्ती, त्यात कोणी काय फेरफार केलेले, काही कळावयास मार्ग नव्हता. २००६च्या पावसाळ्यात एका रात्री वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. तिसऱ्या खेपेस एस.एम.पी.एस.ने प्राण सोडला आणि जाताना हार्ड डिस्क बरोबर नेली. मी निर्धास्त होतो. फ्लॉप्या होत्या ना! शाळेतील नव्या संगणकावर पहिली फ्लॉपी घातली. फाइल उघडली. पडद्यावर ओळीच ओळी आल्या, आणि त्यांत एकही शब्द मराठी नव्हता. कंस, टिंबे, उलटी-सुलटी इंग्रजी अक्षरे. जणू कोणी मुंग्यांना शाईत बुडवून कागदावर सोडले होते. तो फाँट हार्ड डिस्कबरोबर गेला होता.

आज कित्येक घरांत, वाचनालयांत, छोट्या छापखान्यांत अशी आंधळी झालेली मराठी पडून आहे. मोडी वाचता येत नाही म्हणून आपण हळहळतो, आणि मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. आपल्याच हाताने पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेली बाळबोध आपल्यास वाचता येत नाही, ह्या गोष्टीची अजून कोणाला फारशी खंत वाटलेली नाही.

सरकारे आणि संस्था ह्यांनीही स्वस्त संगणकाचा नाद केला, त्याची हकीकत थोडक्यात उरकतो. शंभर डॉलरांत प्रत्येक मुलाला संगणक, अशी घोषणा निकोलस निग्रोपोंटे ह्यांनी २००५ साली केली. २००७च्या अखेरीस यंत्र कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा किंमत १८८ डॉलरांच्या घरात गेली होती. आपल्याकडे केंद्र सरकारने ही योजना नाकारली होती, तरी रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात येथील एकशिक्षकी शाळेत ती हिरवी-पांढरी यंत्रे २००७ साली पोचली, आणि बावीसएक मुलांच्या हाती पडली. तेथील मुले हरखून गेली आणि शाळेत रमली, असे वृत्तान्त आले. ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण पेरू देशात हीच यंत्रे लाखोंनी वाटली गेली, तेथील परीक्षणाचा २०१२ साली निघालेला निष्कर्ष असा की, गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती त्यामुळे झालेली आढळली नाही. यंत्र स्वस्त केले. ते शिकविणारा मास्तर स्वस्तात कोठून आणावयाचा?

आपल्या ‘आकाश’ची कथा अधिक केविलवाणी. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मंत्री कपिल सिब्बल ह्यांनी ते टॅब्लेट मोठ्या थाटाने जाहीर केले. सरकारला एकेक सुमारे सव्वादोन हजारांस पडत होते. त्याचा पडदा बोटाच्या स्पर्शाने नव्हे, दाबाने चालणारा. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा. बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकणारी. तक्रारी इतक्या आल्या की काम राजस्थानच्या आय.आय.टी.कडून मुंबईच्या आय.आय.टी.कडे आले, आणि सुधारलेली आवृत्ती नोव्हेंबर २०१२मध्ये निघाली. तोवर बाजारात तेवढ्याच पैशांत बरे फोन मिळू लागले होते. एका गोष्टीचे श्रेय मात्र द्यावे लागेल: इतक्या कमी किमतीत काय मिळते आणि काय मिळत नाही, हे त्याने सगळ्या देशाला एकदम दाखविले.

दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख एकांगी होईल. लॅमिंग्टन रोड नसता तर माझ्यासारख्या मास्तरच्या घरी संगणक आलाच नसता. गावोगावच्या ज्या वर्गांत २००२च्या पुढे लाखो लोकांनी एम.एस.-सी.आय.टी.ची परीक्षा देऊन नोकऱ्या टिकविल्या, तेथेही जुळणीची यंत्रे पुष्कळ होती. आणि मार्च २०२०मध्ये शाळा बंद होऊन वर्ग घरात आले, तेव्हा आमच्या वसाहतीत कित्येक घरांतील पोरांचे वर्ष वाचविले ते कोणा कंपनीने वापरून टाकलेल्या लॅपटॉपांनीच. दोन मुले आणि एक फोन, ह्या हलाखीपुढे जुना लॅपटॉप म्हणजे देणगी होती. स्वस्त वस्तू घेणाऱ्याला हसणे सोपे असते. बहुधा ज्याच्यापुढे महागाचा पर्याय कायम उघडा असतो, तोच हसतो.

दोन दिवसांनी बाई आल्या, तेव्हा मी हे सारे पुराण सांगितले नाही. मुलाला फक्त त्या चौदा हजारांच्या यंत्राविषयी चार प्रश्न विचारले. विंडोज कोणती? दहा. मग तिला कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षेची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपली आहे, हे विक्रेत्याने सांगितले का? नाही. विंडोज ११ चढेल का? चढणार नव्हती; प्रोसेसर सातव्या पिढीचा, आणि अट किमान आठवीची. यंत्र चालेल, पण दाराला कडी नसलेल्या घरासारखे. विंडोज गेली तर गेली, लिनक्स घालीन, असे मुलगा म्हणाला. ते त्याचे उत्तर मला आवडले. बॅटरी मूळची की बदललेली? ठाऊक नव्हते. जुलै २०१८च्या पुरात आमच्याकडे दिवसाहून अधिक वेळ वीज नव्हती, त्याची मी आठवण दिली. मेमरी वाढविता येते का, की बोर्डालाच डाक देऊन चिकटवलेली? आणि शेवटचे: पेटी स्क्रूने उघडते का? ह्या प्रश्नावर पोराने मजकडे प्रथमच कौतुकाने पाहिले.

त्याने तो सौदा सोडला आणि महिनाभर हिंडून एकोणीस हजारांत दुसरा घेतला, वापरलेलाच, पण आठव्या पिढीचा आणि उघडणारा. बाईंना पाच हजार जास्त गेल्याचे वाईट वाटले. ते वाटणारच. मी त्यांची समजूत घालण्याच्या फंदात पडलो नाही.

गणपतीनंतर तो मुलगा एका रविवारी बाहेरून जोडावयाचा एक फ्लॉपी-ड्राइव्ह घेऊन आला. कॉलेजातल्या कोणाकडून मागून आणला होता. “सर, तुमच्या त्या फ्लॉप्या आहेत का अजून?” कपाटाच्या तळाशी अकरा निघाल्या. वसईच्या दमट हवेत नऊंना बुरशी धरलेली. दोन वाचल्या गेल्या. तो दोन संध्याकाळ आमच्या टेबलाशी बसला, इंटरनेटवरची निरनिराळी फाँट बदलण्याची साधने लावून पाहत. एकाने थोडे जमले. अनुस्वार जागा चुकले आहेत, ‘श’ आणि ‘ष’ एकमेकांत मिसळले आहेत, रफार कोठेच नाही. पण ओळी मराठीच्या आहेत.

नऊ पाने निघाली. त्यांत आगाशीकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सुकेळी करण्याची आपल्या आजीची रीत सांगितली आहे: राजेळी केळी किती पिकू द्यावयाची, सोलावयाची केव्हा, उन्हात कशी मांडावयाची, कोणत्या वाऱ्यात झाकावयाची. किती दिवस वाळवावयाची ते त्यांनी आकड्यानिशी सांगितले होते, आणि आमच्या शेजारच्या गावांहून आमचा आकडा वेगळा, असे बजावूनही. त्या जागी आता तीन रिकामे चौकोन आले आहेत. मुलाने पुष्कळ खटपट केली, पण फुटले नाहीत. मला आकडा आठवत नाही, आणि ते गृहस्थ २००८ साली वारले.